माप झाल्याशिवाय

माढ्याहून बार्शीकडं निघालात तर रस्त्याकडंचे किलोमीटरचे दगड नीट बघा. त्यातल्या तीस दगडांवरचं अक्षर माझं आहे. एखादा आकडा वाकडा दिसला तर तो पप्पांचा समजा.

दर उन्हाळ्यात परीक्षा संपली की आमचं घरदार रस्त्याकडंला असतं. दगड रंगवायचं काम पप्पांना एका ठेकेदाराकडून मिळतं. आज्जी तारेच्या ब्रशनं जुना रंग खरवडते, आई पांढऱ्याचा हात देते, पप्पा डोक्याला हिरवा लावतात आणि मी खडूनं अक्षरं आखून त्यात काळा भरते. गुडघ्याखाली गोणपाट घेतलं तरी खडी टोचतेच. अकरा वाजले की दगड तव्यासारखा होतो, रंग ब्रशवरच वाळायला लागतो. त्यात एसटी गेली की सगळी धूळ ओल्या रंगावर. मग आई एसटीला शिव्या घालते, पण तोंडातल्या तोंडात. मी वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले तेव्हापासून घरात माझ्यासमोर शिव्या देताना सगळी जरा दबकतात. मला येतात त्या शिव्या त्यांना ठाऊक नाहीत म्हणून.

सगळे दगड संपले की उरलेला पांढरा घेऊन आम्ही आमच्या गावच्या पाझर तलावापाशी यायचो. तलावाचा बांध आणि रस्ता यांच्या मधे एक मोठा पसरट खड्डा आहे. बहात्तरच्या दुष्काळात बांधाला लागलेला मुरूम तिथून काढलेला. त्या खड्ड्याच्या मधोमध मुरमाचाच एक खांब उभा होता, माझ्या कमरेएवढा. वर शहाबादी फरशीचा तुकडा, पावसानं झिजू नये म्हणून आज्जीनं ठेवलेला. आज्जी त्याला साक्ष म्हणायची. पप्पा त्याला पांढरा हात द्यायचे, आज्जी फरशीवर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आम्ही घरी जायचो. ही केराआत्याची साक्ष, एवढंच मला सांगितलेलं. केराआत्या म्हणजे आज्जीची नणंद. ती या कामावर मेली. त्यापुढं कुणी बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. मला भाषणं पाठ करायची असायची.

यंदा एप्रिलात सरपंचांनी पप्पांना बोलावणं पाठवलं, येताना पोरीलाही आणा म्हणून.

आमचे सरपंच सुमंतदादा. त्यांचे आजोबा नरहरी तात्या दुष्काळी कामावर मुकादम होते. पंचायतीत दादांनी सांगितलं की गावच्या इतिहासाचा एक मोठा फलक रस्त्याकडंला, तलावापाशी लावायचाय, महाराष्ट्र दिनाला तहसीलदार साहेबांच्या हातून त्याचं अनावरण करायचंय. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो, म्हणून पत्र्यावर रंगवून पाहिजे, आणि अक्षर बुद्धप्रियाचं पाहिजे. माझं नाव त्यांना पाठ होतं. मला इतकं बरं वाटलं की पप्पा उंबऱ्यापाशी उभेच आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खुर्च्या दोन रिकाम्या होत्या. मग चहा आला. सगळ्यांना काचेचे पेले होते. शिपाई म्हणाला कागदी कप संपलेत, आणि आम्हाला चहाच आला नाही. ते मला त्या दिवशी कळलं नाही. आठ दिवसांनी, टिकाव मारताना कळलं.

दादांनी मजकूर वाचायला दिला. त्यात लिहिलेलं, ‘कै. नरहरी तात्यांनी दुष्काळात गावकऱ्यांकडून हा तलाव बांधून घेतला.’ मी लगेच म्हणाले, दादा, बांधून घेतला हे बरं वाटत नाही. तिथंच पेन मागून घेतलं आणि सरळ करून दिलं: ‘भीषण दुष्काळात कै. नरहरी तात्या यांच्या प्रेरणेने ग्रामस्थांनी श्रमदानातून हा तलाव उभारला.’ दादांनी दोनदा वाचलं आणि टाळी वाजवली. त्यांच्यामागं सगळ्यांनी वाजवली. अनावरणाच्या दिवशी स्वागताचं भाषण मीच करायचं असंही तिथंच ठरलं.

घरी आल्यावर मी आज्जीला तो मजकूर स्टेजवर म्हणतात तसा, हातवारे करून म्हणून दाखवला. आज्जी ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

“श्रमदान कुणी लिवलं?” तिनं विचारलं.

“मी.”

आज्जीनं सूप बाजूला सरकवलं. “बस हितं,” म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत लिहिणार नाही. मधे मधे ती नुसतीच बघत बसायची, ते लिहिता येत नाही. कामावर टोळ्या होत्या. दर टोळीला दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखून मिळायचा. किती खोल खणलं त्यावर मजुरी. पण एकदा माती उचलून बांधावर गेली की खड्डा आधी किती होता हे कसं कळणार? म्हणून चौकोनाच्या मधे एक खांब न खणता ठेवायचा. खांबाचा माथा म्हणजे जुनी जमीन. बांधकामाचा साहेब यायचा, माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायचा, वहीत लिहून खाली सही करायचा, आणि मगच खांब पाडायचा. एकच खड्डा दोनदा मोजू नये म्हणून पाडायचा. माप झाल्याशिवाय मात्र कुणी हात लावायचा नाही. ती साक्ष.

केराआत्या सतरा वर्षांची होती. वयानं कमी म्हणून मुकादमानं हजेरीपटावर तिचं नावच घेतलं नाही, दुसऱ्या एका बाईच्या नावावर तिला राबवली. पावसाळा जवळ आलेला, काम उरकायची घाई. वरून खणायला वेळ लागतो म्हणून तात्यांनी सांगितलं, खालून पोखरा, वरचं आपोआप येतंय. केराआत्या अंगानं बारीक, म्हणून पोखरायला ती आत. वरचं आपोआप आलं.

“टिकाव लावायची सोय नव्हती,” आज्जी म्हणाली. “तिला लागंल म्हणून. हातानं उपसली आमी.”

कागदावर ती कामावरच नव्हती, त्यामुळं कागदावर मेलीही नाही. चौथ्या दिवशी माप झालं. तात्या म्हणाले, साक्ष पाडा. टोळीत अकरा बायका होत्या. अकराही जणी पाट्या उपड्या घालून त्यांवर बसून राहिल्या. तात्यांनी शिव्या दिल्या, उद्यापासून काम नाही म्हणाले. कुणी उठलं नाही. शेवटी तसाच खांब सोडून टोळी दुसऱ्या चौकोनावर गेली. त्या खांबाशिवाय केराआत्याचं या जगात काही शिल्लक नाही. फोटो नाही, दाखला नाही, कुठं नाव नाही.

आज्जीनं सूप परत ओढून घेतलं. “श्रमदान म्हनं,” एवढं म्हणून ती निवडायला लागली.

राग कुणाचा ते नीट कळत नव्हतं. मी तशीच पंचायतीत गेले, एकटी. दादांना म्हणाले, मजकूर बदलायचाय, हे श्रमदान नव्हतं, मजुरीचं काम होतं, त्यात एक मुलगी मेली आणि तिचं नाव फलकावर यायला पाहिजे. दादा हसले. चिडले असते तर परवडलं असतं.

“म्हाताऱ्या मान्सांच्या गोष्टी असत्यात बाळा त्या. पुरावा काय?”

आता इथं मी काय केलं ते सांगते. गप्प बसायचं होतं, तर मी भाषण केलं. हात वर करून, आवाज चढवून. म्हणाले, पुरावा तुमच्या तलावापाशी उभा आहे. श्रमदानाचं कुणी माप घेत नाही. माप घ्यायचं असतं तिथंच साक्ष ठेवतात. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावं. सगळं पुराण सांगितलं, एक मुद्दा सोडला नाही. दादा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, हुशार आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तलावापाशी जेसीबी आला.

आम्ही पळत पोचेपर्यंत खड्ड्याची अलीकडची कड ओढून मैदान केलेलं होतं. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा, असं कारण. खांब नव्हता. पांढऱ्या पापुद्र्यांचे तुकडे लाल मातीत पडले होते, पन्नास वर्षांचे हात एकावर एक. फरशीचे दोन तुकडे झालेले. ड्रायव्हर सिद्धप्पा, अक्कलकोटकडचा माणूस, आईच्या माहेरच्या गावाजवळचा. आई त्याच्याशी कानडीत बोलली. तो खाली उतरला आणि डोक्याचा रुमाल काढून हातात घेऊन उभा राहिला. त्याला वाटलं होतं, रस्त्याच्या कामाचा चुन्याचा ढीग आहे. दादांनी तसंच सांगितलं होतं.

आज्जीनं फरशीचे दोन्ही तुकडे ओच्यात घेतले आणि घरी गेली. मला वाटलं ती माझ्याकडं बघेल. बघितलं असतं, रागावली असती, तर बरं झालं असतं.

पप्पा फलक रंगवायला बसले. मी म्हणाले, तुम्ही हे रंगवणार? ते म्हणाले, ठेकेदाराला दादांनी फोन केला की फलक झाला नाही तर पुढच्या वर्षी दगड दुसऱ्याला. पप्पांकडं तेवढंच काम आहे असं नाही, गवंड्याच्या हाताखाली जातात, भिंती रंगवतात. पण दगड त्यांचे आहेत. आईच्या नातेवाइकांत ते सांगतात, हा रस्ता माझा. मी आखणार नाही म्हणाले, तर त्यांनी खडू घेतला आणि स्वतः आखायला लागले. त्यांचं अक्षर वाकडं. ‘श्रमदानातून’ तर शेवटाकडं गेलं तसं खालीच घसरलं. मी बघत राहिले, मदत केली नाही, आणि मोठ्यानं म्हणाले की असा बाप मला नको. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पप्पांचा ब्रश थांबला नाही. फक्त पुढचा शब्द त्यांनी दोनदा पुसला.

सत्तावीस तारखेला सकाळी आज्जी जागेवर नव्हती. कोपऱ्यातला टिकावही नव्हता.

ती तलावापाशी होती. फलकाचे दोन खांब रोवून झाले होते. त्यांच्या डाव्या अंगाला, जेसीबीचा दात जिथं पोचला नव्हता, तिथली जमीन ती टाचेनं ठोकून बघत होती. मग तिनं दोरी लावली. एका अंगाला दहा पावलं, बारकी, पाऊल जोडून पाऊल. चौकोन आखला. मधोमध एक लहान चौकोन आखला, पोत्यावर बसायला जागा लागते तेवढा. आणि मोठ्या चौकोनाच्या कडेला टिकाव मारला.

आज्जी त्र्याहत्तरची आहे. टिकाव डोक्यावर जात नाही, खांद्यापर्यंतच जातो. मुरूम असा की घाव मारला की हातात झिणझिण्या येतात आणि जमिनीवर नुसता पांढरा ओरखडा उठतो. मी विचारलं, काय करतेस?

“साक्ष बांधता येत न्हाय,” ती म्हणाली. “भोवतीचं खणावं लागतंय. मग ती उरती.”

मी घरून फावडं आणि पाटी आणली. आईही आली. पहिल्या दिवशी आमचं तिघींचं मिळून घोट्याएवढंही खोल गेलं नाही. माझ्या तळहाताला चार फोड आले आणि दुपारपर्यंत चारही फुटले. फावड्याचा दांडा चिकट झाला. गोदडीच्या चिंध्या गुंडाळून काम केलं. दुसऱ्या दिवशी उठताना पाठ पाठीसारखी नव्हतीच, कुणी तरी लाकूड बसवल्यासारखी होती. येणारे-जाणारे गाडी हळू करून बघायचे. एकानं विचारलं, पाण्याची टाकी का? दुसरा म्हणाला, गुप्तधन असंल. आज्जी त्याला म्हणाली, “व्हय, हाय. उतर, निम्मं तुला.” तो हसत गेला, पण संध्याकाळी परत येऊन बघून गेला.

दादांचा माणूस आला, कुणाच्या परवानगीनं म्हणाला. मी तोंड उघडलं तसं आज्जीनं माझ्या पायावर पाटी ठेवली. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. आज्जीनं त्याला विचारलं की ही जागा तुझी का तुझ्या दादाची. जागा सरकारची होती, दोघांचीही नव्हती. तो फोन लावत गेला.

तिसऱ्या दिवशी मला घाई झाली. पहिली तारीख दोन दिवसांवर, आणि चौकोनाची एक बाजू अजून उंचच. मी बघितलं की खालचा थर मऊ आहे, खालून टिकाव घातला तर वरचा कडक थर ढासळून येईल. मी बसले आणि पोखरायला लागले. दोन-तीन पाट्या भसाभस निघाल्या. एवढं सोपं काम तीन दिवसांत झालं नव्हतं.

माझं मनगट कुणी तरी पकडलं. पप्पा होते. कधी आले कळलं नाही, अंगावर रंगाचेच कपडे, खांद्यावर टिकाव. त्यांनी मला ओढून बाजूला उभं केलं.

“वरनं खणायचं,” ते म्हणाले. “खालनं पोखरायचं न्हाय. आपल्या घरात न्हाय.”

आज्जी पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही, पण तिचा टिकाव थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला. पप्पांनी सदरा काढला आणि कडेच्या कडक थरावर वरून घाव घालायला लागले. मला माफी मागायची होती. मी त्यांना पाण्याची बाटली दिली, त्यांनी निम्मी पिऊन परत दिली.

तीस तारखेला चौकोन सगळीकडून दोन फूट खाली गेला. मधे खांब राहिला, गुडघ्याच्या वर येणारा, लालभडक, ओल्या जखमेसारखा. माथ्यावर जुन्या जमिनीचं वाळलेलं गवत तसंच होतं, आणि त्यात एक मुंग्यांचं भोक. आज्जीनं फरशीचे दोन तुकडे आणून त्यावर जोडून ठेवले. पप्पांनी उरलेला पांढरा डबा उघडला. आज्जी नको म्हणाली. “पांढरं केलं म्हनूनच चुन्याचा ढीग म्हनाले. मुरूम दिसू दे.”

एक तारखेला मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. फलकावर पिवळा कपडा. साहेबांची गाडी यायची होती. दादा पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि खड्डा बघून उभेच राहिले. त्यांच्या माणसानं त्यांना सांगितलं नसावं, की सांगितलं होतं आणि त्यांना वाटलं म्हातारी दमेल. काठावर गावातली म्हातारी माणसं गोळा झाली होती. सावित्रम्मा काठी टेकत पुढं आली. ती त्या अकरातली एक. तिनं खांबाकडं बघितलं आणि खाली उतरायला हात मागितला. उतरली, खांबाला पाठ लावून बसली. तिच्यामागं आणखी एकजण उतरली. आज्जी तिथं होतीच. अकरातल्या तिघी उरल्यात. तिघींनी आमच्या पाट्या उपड्या घातल्या आणि त्यावर बसल्या.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझं भाषण आहे, तू शहाणी आहेस, आज्जीला समजाव. मी म्हणाले, मी आज बोलणार नाही. एवढंच बोलले. पाठ केलेलं भाषण घशात तसंच होतं, सगळं, पहिल्या ‘सन्माननीय’पासून. ते मी गिळलं.

मग दादांनी सिद्धप्पाला हाक मारली. जेसीबी मंडपामागं उभा होता. साहेब यायच्या आत हे बुजव म्हणाले, पाच मिनिटांचं काम.

सिद्धप्पा आला. काठावरून त्यानं चौकोन बघितला, मधला खांब बघितला, जोडलेली फरशी बघितली. आईकडं बघितलं. मग रुमाल डोक्याला बांधला.

“माझा बाप कालव्याच्या कामावर व्हता, दादा,” तो म्हणाला. “माप झाल्याशिवाय साक्ष पाडत न्हाईत.”

“कसलं माप?”

“त्यो चुन्याचा ढीग व्हता म्हनालात. ह्यो न्हाय. आधी माप घ्या. मग सांगा, मी पाडतो.” आणि तो जाऊन जेसीबीच्या सावलीत बसला. चावी त्यानं खिशात घातली.

दादांचं तोंड उतरलं. त्यांना कळलं होतं. माप घेतलं तर वहीत लिहावं लागतं. लिहिलं की कामावर कोण कोण होतं ते लिहावं लागतं. मुकादमाच्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रस्त्यावर साहेबांच्या गाडीचा भोंगा वाजला.

पप्पांनी खिशातून टेप काढला. दगडाचं अंतर तपासायला असतो तो, लोखंडी, पिवळा. एक टोक त्यांनी आज्जीच्या हातात दिलं. आज्जी पाटीवरून उठली, खांबाच्या माथ्यावर बोटानं टोक दाबून धरलं, आणि दुसरं टोक सरपंचांकडं केलं. टेप मधे लोंबत होता.

“घे,” ती म्हणाली. “तुज्या आज्ज्यानं एकदा घेतलंय. आता तू घे. आन् लिव्ह. पैलं नाव केराबाई.”

दादांनी हात पुढं केला नाही. गाडी थांबली, दारं उघडली, साहेब मंडपाकडं न जाता गर्दी बघून इकडंच यायला लागले. मी खड्ड्यात उडी मारली. तळाशी टेपचं टोक टेकवलं, भाषणाची वही मांडीवर उघडली आणि आकडा वाचला. मग मान वर करून दादांकडं बघत, सावकाश, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात पहिली ओळ लिहिली.

फलकावरचा पिवळा कपडा त्या दिवशी निघाला नाही. अजून तसाच आहे. खालचा खांबही आहे. वहीतल्या मापाखाली साहेबांची सही व्हायचीय.